टाइपरायटर गहाण ठेवणारा माणूस

१९६७च्या मार्चमध्ये टर्टल्स या बँडचं ‘हॅपी टुगेदर’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘लाइक द सीझन्स’ नावाचं एक छोटं, हळवं गाणं होतं. ते मुद्दाम लावून ऐकणारे थोडेच असतील. पण तबकडी विकत घेणाऱ्याला दोन्ही बाजू घ्याव्याच लागतात, आणि कायद्याच्या लेखी दोन्ही बाजूंची किंमत सारखीच होती : प्रत्येक प्रतीमागे गाण्याला २ सेंट. दुसऱ्या बाजूचं गाणं लिहिणारा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचं नाव वॉरन झीव्हॉन.

मी पेटीची साथ करते. त्यामुळे कुठल्याही गाण्याबद्दल कुणी बोलायला लागलं की गायकाच्या डाव्या हाताला कोण बसलंय, हे मी आधी बघते. झीव्हॉन मला तिथे सापडला, म्हणून मी त्याच्याकडे ओढली गेले. पुढे तो मधे येऊन बसला, मग पुन्हा बाजूला सरकला, आणि अगदी शेवटी त्याच्या साथीला बसायला मोठमोठी माणसं आली. गाणी लिहिण्याचा लॉस एंजेलिसमधला व्यवसाय साठच्या दशकापासून पुढे कसा चालला, हे या एका माणसाच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

त्या २ सेंटांची गोष्ट जुनी आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी छिद्रं पाडलेली कागदी गुंडाळी ही गाण्याची ‘प्रत’ नव्हे, म्हणून संगीतकाराला तिच्यातून काही मिळणार नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९०९मध्ये, संसदेने नवा कायदा करून ही अडचण दूर केली. एकदा का एखादं गाणं यंत्रावर उतरलं, की पुढे कुणीही ते उतरवावं, परवानगीसाठी अडून बसू नये. मात्र प्रत्येक प्रतीमागे २ सेंट मोजावेत. हा दर १९७७ संपेपर्यंत जसाच्या तसा राहिला. १९७८ला तो २.७५ सेंट झाला. रिवाज असा की यातला अर्धा वाटा प्रकाशकाचा आणि अर्धा लिहिणाऱ्याचा. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे २०,००० डॉलर, त्यातले १०,००० लेखकाच्या हातात. शिवाय रेडिओवर गाणं वाजलं की अमेरिकेत पैसे लेखकाला मिळतात, गाणाऱ्याला मिळत नाहीत. आपलं गाणं दुसऱ्याने गायलं तर बरंच, असं तिथल्या गीतकाराला का वाटायचं, त्याचं कारण या हिशेबात आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये आणि तिच्या शेजारपाजारच्या इमारतींमध्ये पियानो ठेवलेल्या लहानलहान खोल्यांत बसून दिवसभर दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारी माणसं होती. मग डिलन आणि बीटल्स आले. गाणाऱ्याने आपलं स्वतःचं लिहावं, अशी श्रोत्यांची अपेक्षाच होऊन बसली. जुना धंदा बुडाला नाही, पण त्याची इभ्रत गेली. या दोन काळांच्या सांध्यावर झीव्हॉन उभा होता.

आपल्याकडे तुकोबांचा अभंग कुणीही गावा, कोणत्याही चालीत गावा, शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतंच. लिहिणारा गाण्याच्या आतच बसलेला असतो, त्याला तिथून उठवता येत नाही. रॉक गीतकाराला अशी जागा नाही. तबकडीच्या मधल्या कागदावर कंसातल्या बारीक अक्षरांत त्याचं नाव, तेवढंच. मग दुसऱ्याच्या गळ्यातून गाणं येताना तो त्यात कुठे उरतो? झीव्हॉनची गाणी ऐकताना हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला आहे.

त्याचा जन्म शिकागोचा, १९४७चा. वडील जुगारी. पोरवयात लॉस एंजेलिसला आल्यावर तो वृद्ध संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या घरी जाऊन स्वरलिपी चाळत बसलेला आहे. शास्त्रीय संगीतकार व्हायचं त्याच्या मनात होतं. १९६६मध्ये एका मैत्रिणीबरोबर ‘लाइम अँड सिबेल’ या नावाने त्याने तबकड्या काढल्या. त्यांतली एक डिलनच्या गाण्याची होती, म्हणजे दुसऱ्याचं गाणं गाण्याचं कामही त्याने पहिल्यापासूनच केलं. ‘मिडनाइट काउबॉय’ या १९६९च्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचं एक गाणं घेतलं गेलं. १९७०मध्ये स्वतःची पहिली तबकडी निघाली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही.

मग एव्हर्ली बंधू. सत्तरच्या सुरुवातीला झीव्हॉन त्यांच्याकडे पियानोवर होता आणि वाद्यवृंदाचा प्रमुखही होता. गिटारवादक वॉडी वॉक्टेल याला त्यानेच निवडलं. डॉन आणि फिल यांचे आवाज इतके जुळलेले होते, श्वासही एकत्र घेतलेला, की त्यांच्यामध्ये वाद्याचा एक जास्तीचा स्वरही खुपावा. अशा गायकांच्या मागे बसलेला माणूस एक गोष्ट शिकतो : कधी वाजवायचं नाही. झीव्हॉनच्या पियानोत ती शिस्त शेवटपर्यंत राहिली. १९७३च्या जुलैमध्ये भर कार्यक्रमात भाऊ वेगळे झाले. त्यानंतर झीव्हॉनने दोघांचीही वेगवेगळी साथ केली. साथीदाराच्या वाट्याला हे येतं. घरातलं भांडण त्यांचं, आणि दोन्ही घरी जाऊन सूर धरायचा आपण.

१९७५मध्ये तो वैतागून बायकोसह स्पेनला गेला. बार्सिलोनाजवळच्या सीचेस गावात ‘डब्लिनर’ नावाच्या मद्यालयात तो गात असे. मालक डेव्हिड लिंडेल पूर्वी आफ्रिकेत भाडोत्री सैनिक होता. दोघांनी मिळून एक गाणं रचलं : काँगोत लढणारा रोलंड नावाचा नॉर्वेजियन सैनिक, सोबत्यानेच त्याचं मुंडकं उडवलेलं, आणि बंदूक घेऊन सूड उगवत हिंडणारं त्याचं धड. चाल एखाद्या जुन्या पोवाड्याच्या ताकदीची, दमदार आणि सरळ. गाण्यावर लिंडेलचं नाव सहलेखक म्हणून आजही आहे. ज्याने किस्से सांगितले त्याला अर्धं गाणं देऊन टाकण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

लॉस एंजेलिसहून गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनने त्याला परत बोलावलं. असायलम कंपनीशी करार झाला, ब्राउनने निर्मिती केली आणि १९७६मध्ये ‘वॉरन झीव्हॉन’ ही तबकडी आली. मागे गाणारी आणि वाजवणारी माणसं पाहा : लिंडसी बकिंगहॅम, स्टीव्ही निक्स, बॉनी रेट, डॉन हेन्ली, ग्लेन फ्राय, बीच बॉइजचा कार्ल विल्सन, आणि फिल एव्हर्ली. ज्याच्या मागे झीव्हॉन बसला होता तो आता झीव्हॉनच्या मागे उभा होता.

या तबकडीतलं शेवटचं गाणं, ‘डेस्परॅडोज अंडर द ईव्ह्ज’, माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम. हॉलिवूडमधल्या एका स्वस्त हॉटेलात बिल थकवून बसलेला दारुडा खोलीतल्या एअर कंडिशनरची घरघर ऐकतोय. (बिल न देता आपण खिडकीतून पळालो होतो, असं झीव्हॉन सांगे.) गाणं पुढे सरकतं तशी ती घरघर तो स्वतः गुणगुणायला लागतो, मग तंतुवाद्यं, मग कार्ल विल्सनने बांधलेले आवाज, आणि त्या यंत्राच्या सुरावर तानपुऱ्यावर चढावी तशी सगळी चाल चढत जाते. तंतुवाद्यांची सुरावट नीट ऐका. तबकडीच्या पहिल्या गाण्यात, ‘फ्रँक अँड जेसी जेम्स’मध्ये, पियानोवर सुरुवातीला जी वाजते तीच ती. स्ट्राविन्स्कीकडे जाणारा मुलगा इथे ओळखू येतो.

आता लिंडा रॉन्स्टॅट. मी झीव्हॉनच्या आधी तिला ऐकलं. धाकटा भाऊ नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेला होता, त्याने पुण्याला तिची कॅसेट आणली. रॉन्स्टॅटने १९७६च्या आपल्या तबकडीला झीव्हॉनच्या ‘हेसन डाउन द विंड’चं नाव दिलं, आणि त्या गायनासाठी तिला ग्रॅमी मिळालं. १९७७च्या ‘सिंपल ड्रीम्स’मध्ये त्याची आणखी दोन गाणी आली. ही तबकडी पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि अमेरिकेत तीस लाखांहून अधिक खपली. झीव्हॉनच्या स्वतःच्या तबकडीला हे आकडे कधी स्वप्नातही दिसले नाहीत. त्याचं नाव, आणि त्याचं भाडंही, रॉन्स्टॅटच्या गळ्याने सांभाळलं.

तिच्या गळ्याबद्दल मला नितांत आदर आहे. ‘कार्मेलिता’ तिने गायलंय ते ऐकून कुणाच्याही पोटात तुटेल. पण दोन्ही पाठ शेजारी ठेवून ऐकले की एक वस्तू बदललेली सापडते. गाणं आहे लॉस एंजेलिसच्या एको पार्कमधल्या हेरॉइनच्या व्यसनी माणसाचं. पुडी घेण्यासाठी तो काहीतरी गहाण टाकतो आणि अल्व्हारॅडो रस्त्यावरच्या चिकनच्या टपरीपाशी विकणाऱ्याला भेटायला जातो. झीव्हॉनच्या गाण्यात तो गहाण टाकतो स्मिथ-कोरोना, म्हणजे टाइपरायटर. रॉन्स्टॅट गाते स्मिथ अँड वेसन, म्हणजे पिस्तूल. पिस्तूल गहाण टाकणारा व्यसनी कुणीही असू शकतो, शंभर गाण्यांत तो भेटतो. टाइपरायटर गहाण टाकणारा एकच असतो : लिहून पोट भरणारा. त्याने आपलं हत्यारच गहाण टाकलंय, आणि उद्या त्याला कमवता येणार नाही. त्या एका वस्तूत झीव्हॉनची सही होती. ती निघाल्यावर गाणं तेवढंच सुंदर राहिलं, फक्त लेखक त्यातून उठून गेला.

‘पुअर पुअर पिटिफुल मी’चंही असंच. मूळ गाण्यात हॉटेलातल्या एका रात्रीचा कडवट, अंगावर काटा आणणारा अंतरा आहे. सांगणारा अर्ध्यावर थांबतो, पुढचं सांगायला नको म्हणतो. रॉन्स्टॅटने तो काढून त्या जागी एका पोराचा खट्याळ अंतरा घातला. बाईने गायचं म्हटल्यावर तिला तो अंतरा नको वाटला, यात मला काहीच गैर वाटत नाही, मीही काढला असता. तिचं गाणं १९७८मध्ये ३१व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९९६मध्ये कॅनडाच्या टेरी क्लार्कने कंट्री ढंगात तेच गाणं केलं, तेही रॉन्स्टॅटच्याच वाटेने. एकदा काढलेला अंतरा दुसऱ्या कव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या कुणी पुन्हा गायलेल्या रूपात, परत येत नाही. कव्हरचं कव्हर होताना गाणं गुळगुळीत होत जातं.

सगळी कव्हरं अशी नाहीत. फ्लाको हिमेनेझ आणि ड्वाइट योकम यांनी १९९२मध्ये ‘कार्मेलिता’ केलं, तेव्हा हिमेनेझचा ॲकॉर्डियन त्यात आला. पेटी आणि ॲकॉर्डियन यांचं कूळ एक. दोन्हींत हवेने थरथरणारी धातूची पाती. मूळ गाणं मेक्सिकन वळणाचं होतंच, ॲकॉर्डियनने ते त्याच्या घरी नेलं. भात्याचा दाब थोडा सैल सोडून हिमेनेझ स्वर ज्या तऱ्हेने विझू देतो, ते मी बोटं पेटीवर ठेवून ऐकते.

‘वेअरवुल्व्ज ऑफ लंडन’बद्दल जास्त लिहीत नाही, कारण झीव्हॉनचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांना तेवढंच माहीत असतं. फिल एव्हर्लीने १९३५चा एक जुना भयपट पाहून नाव सुचवलं, वॉक्टेल आणि लीरॉय मरिनेल यांच्याबरोबर गाणं थोड्या वेळात झालं, तालाला फ्लीटवुड मॅकचे मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही बसले. १९७८मध्ये ते २१व्या क्रमांकावर गेलं आणि ‘एक्सायटेबल बॉय’ ही तबकडी आठव्या. डी, सी, जी हे तीनच स्वरसमूह गोल फिरतात. तीस वर्षांनी किड रॉकने तोच पियानो आपल्या गाण्यात घेतला.

त्यानंतर दारूने सगळं खाल्लं. घरात त्याने बायकोवर हात उचलला. बंदुका, बेशुद्धी, विसरलेले महिने. हे झाकून त्याची गाणी ऐकणं मला जमत नाही, आणि त्यालाही ते नको होतं. मरण्यापूर्वी त्याने घटस्फोटित बायकोला, क्रिस्टलला, सांगितलं की माझं चरित्र तू लिही आणि वाईट ते सगळं लिही. ते पुस्तक २००७मध्ये आलं, आणि ते वाचवत नाही इतकं खरं आहे.

मैफलीतल्या झीव्हॉनची मला दोन रूपं माहीत आहेत. पहिलं ‘स्टँड इन द फायर’ : ऑगस्ट १९८०, लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरचं रॉक्सी, सलग पाच रात्री. साथीला कोलोरॅडोहून आणलेला फारसं नाव नसलेला जोरकस बँड. तबकडीवरच्या नामवंत, मोजूनमापून वाजवणाऱ्या वादकांपैकी जवळजवळ कुणीच नाही. शब्द तो जागच्या जागी बदलतो. लंडनच्या लांडग्यांच्या गाण्यात जॅक्सन ब्राउनचं नाव येतं. तो ओरडतो, धावतो, श्रोत्यांना धमकावतो. ही तबकडी त्याने मार्टिन स्कॉर्सेसीला अर्पण केली. अनेक जाणकार हीच त्याची सर्वोत्तम तबकडी मानतात. मला मात्र त्यात पियानो फारसा ऐकू येत नाही, आणि पियानोशिवायचा झीव्हॉन मला अर्धा वाटतो.

दुसरं रूप १९९३चं ‘लर्निंग टू फ्लिंच’. मधल्या काळात १९८२च्या तबकडीनंतर करार गेला होता, दारू सोडून झाली होती, बँड पोसायला पैसे नव्हते. म्हणून तो एकटाच देशोदेशी हिंडला; बारा तारांची गिटार, एक पियानो आणि तो. गरजेपोटी पत्करलेल्या या रिकामेपणात गाण्यांची हाडं दिसतात. रोलंडच्या गाण्यात मधेच तो शब्द सोडून पियानोवर कितीतरी वेळ निघून जातो, डावा हात सैनिकाच्या पावलासारखा ठाम, उजवा कुठल्या कुठे. साथीदाराने तीस वर्षं गिळलेलं सगळं तिथे बाहेर येतं. नव्या ऐकणाऱ्याला मी हीच तबकडी देते.

सहलेखनाची त्याची भूक विलक्षण होती. पोर्तो रिकोचा होर्हे काल्देरॉन हा सर्वांत जवळचा. १९१४च्या अमेरिकी चढाईवरच्या ‘व्हेराक्रूझ’मध्ये स्पॅनिश अंतरा काल्देरॉनचा आहे. १९८७च्या ‘सेंटिमेंटल हायजीन’साठी आर. ई. एम. या बँडचे तीन वादक साथीला होते, डिलन एका गाण्यात हार्मोनिका वाजवून गेला, नील यंग दुसऱ्यात गिटार. त्याच दिवसांत आर. ई. एम.च्या तिघांबरोबर एका रात्रीत त्याने दुसऱ्यांची गाणी वाजवली : रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, वुडी गथ्री, आणि प्रिन्सचं ‘रास्पबेरी बेरे’. १९९०मध्ये ती तबकडी ‘हिंदू लव्ह गॉड्स’ या नावाने निघाली. आपल्या देवांशी तिचा काही संबंध नाही, आतमध्ये ब्लूज आहे. पुढे तो कादंबरीकारांकडे आणि कवींकडे वळला. कार्ल हायसन, हंटर थॉम्पसन, आणि आयरिश कवी पॉल मल्डून. मल्डूनबरोबर लिहिलेलं ‘माय राइड्स हिअर’ २००२च्या तबकडीचं शीर्षक झालं. न्यायला वाहन दारात आलंय, अशा अर्थाचं गाणं. तेव्हा झीव्हॉनला आपल्या आजाराची कल्पना नव्हती.

ऑगस्ट २००२मध्ये मेसोथेलिओमाचं निदान झालं. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा. डॉक्टरांनी तीन महिने दिले. त्याने उपचारांपेक्षा ध्वनिमुद्रण निवडलं. त्या शरद ऋतूत डिलन आपल्या दौऱ्यात रात्रीमागून रात्री झीव्हॉनची गाणी गायला लागला, ‘म्युटिनिअर’ तर अनेकदा. कव्हराचं हे टोक मला रॉन्स्टॅटइतकंच महत्त्वाचं वाटतं. यात ना तबकडी होती ना हिशेब, फक्त एका गीतकाराने दुसऱ्याला त्याच्या हयातीत दिलेली दाद होती. ३० ऑक्टोबरला डेव्हिड लेटरमनने आपला दूरचित्रवाणीवरचा अख्खा तास एकट्या झीव्हॉनला दिला. त्याने तीन गाणी म्हटली. शेवटचं लेटरमनच्या फर्माइशीवरून, रोलंडचं. श्वास पुरत नव्हता. वाक्यं जिथे तुटत होती तिथे बँड थांबून वाट पाहत होता, आणि साथ म्हणजे काय ते शिकायचं असेल तर त्या वादकांकडे बघावं.

‘द विंड’साठी स्प्रिंगस्टीन, टॉम पेटी, राय कूडर, एमिलू हॅरिस, ड्वाइट योकम, जॅक्सन ब्राउन सगळे आले. डिलनचं ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ त्याने त्यात गायलं. मरणाऱ्या माणसाने ते गाणं गावं, यात नाटकीपणाचा धोका होता, पण तो चाल सरळ ठेवतो आणि धोका टळतो. तबकडी २६ ऑगस्ट २००३ला आली, ७ सप्टेंबरला तो गेला. वय ५६. पुढच्या फेब्रुवारीत दोन ग्रॅमी मिळाली, त्याच्या नावावरची पहिलीच. तो गेला त्याच सप्टेंबरात स्प्रिंगस्टीनने टोरांटोतल्या मैदानात ‘माय राइड्स हिअर’ म्हटलं.

त्या दूरचित्रवाणीच्या रात्री झीव्हॉनने आपली गिटार लेटरमनला सांभाळायला दिली होती. नोव्हेंबर २०२५मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने झीव्हॉनचा गौरव केला, तेव्हा लेटरमन ती घेऊन मंचावर आला आणि आज हिला पुन्हा कामाला लावतो म्हणाला. किलर्स या बँडने तिच्यावर ‘लॉयर्स, गन्स अँड मनी’ वाजवलं, चांगलं मोठ्याने.